अमेरिकी स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये रजांचा कारभार कसा सांभाळावा

अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ कार्यालयात रजेचे टेबल नव्याने हाती आले की पहिले काही दिवस माणूस अर्जांची वाट पाहत बसतो. ही पहिली चूक. रजेची बातमी अर्जाच्या रूपाने क्वचितच येते. ती शाळेच्या ऑफिसातील सेक्रेटरीला फोनवर कळते, प्रिन्सिपलला कॉरिडॉरमध्ये कळते, सब्स्टिट्यूट म्हणजे बदली शिक्षक मागणाऱ्या प्रणालीत 'आजारी' या एका शब्दाने नोंदली जाते, आणि रजेचे कारण कायद्याखाली येऊ शकते असे यांपैकी कोणाला कळले, की कायद्याने ठरवून दिलेली मुदत त्या क्षणापासून मोजली जाते. अर्ज आपल्या टेबलावर पोहोचला त्या दिवसापासून नव्हे. म्हणून रजांचा कारभार सांभाळणे म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी वेळेवर करणे होय: रजेला तिचे योग्य नाव देणे आणि शाळेच्या कॅलेंडरवर तिचे दिवस बरोबर मोजणे. बाकीचा बराचसा भाग कागद भरण्याचा आहे.

येथे 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. आपले शिक्षण मंडळ आणि अंदाजपत्रक असलेली ती शाळांची प्रशासकीय संस्था असते, आणि तिच्या नोकरीत शिक्षकांबरोबर वर्गातील सहायक, बसचालक, कॅफेटेरियातील कर्मचारी, सफाई कर्मचारी, परिचारिका आणि ऑफिसातील मंडळीही असतात. यांतील काही जण शालेय वर्षापुरते दहा महिने काम करतात, तर काही जण बाराही महिने. कोणतीही रजा हाताळताना कर्मचारी दहा महिन्यांचा की बारा महिन्यांचा, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पहिले पाच दिवस

रजांच्या या व्यवहाराचा पाया म्हणजे १९९३चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट, म्हणजेच एफएमएलए. पात्र कर्मचाऱ्याला स्वतःच्या गंभीर आजारासाठी, जोडीदार, मूल किंवा आई-वडील यांच्या गंभीर आजारात शुश्रूषेसाठी, बाळाच्या जन्मासाठी, दत्तक किंवा फॉस्टर केअरमधील (तात्पुरते सांभाळायला दिलेले) मूल घरी आल्यावर आणि लष्करी सेवेशी संबंधित काही कारणांसाठी बारा महिन्यांत १२ आठवड्यांची, नोकरी राखून ठेवणारी रजा या कायद्याने मिळते. जखमी वा आजारी सैनिकाची काळजी घेणाऱ्या जवळच्या नातेवाइकासाठी ही मर्यादा २६ आठवड्यांची आहे. रजा मुळात बिनपगारी असते, मात्र तिच्या काळात आरोग्यविमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवावा लागतो.

कर्मचाऱ्याने 'एफएमएलए' हा शब्द उच्चारावा अशी कायद्याची अपेक्षा नाही. 'आईला स्ट्रोक आला आहे, दोन आठवडे येता येणार नाही,' एवढे त्याने आपल्या वरिष्ठाला सांगितले तरी चौकशी करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर येते. रजेचे कारण या कायद्याखाली येऊ शकते असे कळल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत पात्रतेची नोटीस आणि तिच्याबरोबर हक्क व जबाबदाऱ्यांची माहिती द्यावी लागते; श्रम विभागाचा डब्ल्यूएच-३८१ हा नमुना त्यासाठीच आहे. पुरेशी माहिती हाती आल्यावर पुन्हा ५ कामकाजी दिवसांत, ही रजा एफएमएलएमध्ये धरली की नाही हे कळवणारी नोटीस डब्ल्यूएच-३८२ या नमुन्यावर जाते.

मी या कामात नवीन असताना रात्रपाळीच्या एका सफाई कर्मचाऱ्याच्या नऊ गैरहजेरींबद्दल ताकीदपत्र तयार करून पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तो ते पत्र हातात घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, की बायकोची केमोथेरपी चालू असल्याचे त्याने आपल्या मुकादमाला दोन महिन्यांपूर्वीच सांगितले होते. मुकादमाने ते ऐकून 'वैयक्तिक' अशी नोंद केली होती. ताकीदपत्र मागे घ्यावे लागले, नऊ दिवसांना मागील तारखेने एफएमएलएचे नाव द्यावे लागले, आणि त्या माणसाच्या मनात जे बसले ते कोणत्याही नोटिशीने निघण्यासारखे नव्हते. तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी, प्रिन्सिपल, शाळांच्या सेक्रेटरी, बस डिस्पॅचर आणि मुकादम यांची अर्ध्या तासाची बैठक मी घेते. त्यात मी कायदा शिकवत नाही. सलग चौथा दिवस गैरहजर, रुग्णालय, शस्त्रक्रिया, गरोदरपण, घरात कोणाचे मोठे आजारपण, यांपैकी काहीही कानावर आले तर त्याच दिवशी मला कळवा, आणि निदान विचारू नका, एवढेच सांगते.

१२५० तासांचे गणित

पात्रतेसाठी तीन अटी आहेत. कर्मचाऱ्याची डिस्ट्रिक्टमध्ये एकूण किमान १२ महिने नोकरी झालेली असावी, रजा सुरू होण्याच्या आधीच्या १२ महिन्यांत त्याने किमान १२५० तास प्रत्यक्ष काम केलेले असावे, आणि त्याच्या कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत त्याच मालकाचे किमान ५० कर्मचारी असावेत. सार्वजनिक शाळांना कर्मचारी कितीही असले तरी हा कायदा लागू होतो, पण तिसरी अट मात्र सुटत नाही. त्यामुळे अडतीस कर्मचाऱ्यांच्या एखाद्या ग्रामीण डिस्ट्रिक्टला भिंतीवर कायद्याची सूचना लावावीच लागते आणि त्याच वेळी तिथला एकही कर्मचारी रजेला पात्र नसतो. हे विचित्र आहे, पण कायदा तसाच आहे.

खरी अडचण दुसऱ्या अटीत असते. वर्गातील सहायक दिवसाला साडेसहा तास आणि वर्षाला १८० दिवस काम करत असेल तर त्याचे तास ११७० होतात, म्हणजे एक दिवसही न चुकवता तो अपात्र ठरतो. सात तासांच्या कामाचे १२६० तास होतात. परंतु मोजायचे ते प्रत्यक्ष कामाचे तास. पगारी आजारपणाची रजा त्यात धरली जात नाही, म्हणून फ्लूचे दोन दिवस गेले की चौदा तास वजा होतात आणि आकडा १२४६वर येतो. म्हणून नकाराचे पत्र लिहिण्यापूर्वी सर्व तास शोधावेत. त्याच डिस्ट्रिक्टमधील समर स्कूल, शाळा सुटल्यानंतरचा कार्यक्रम, सामन्यांच्या वेळची तिकीट-खिडकी, बसवरील देखरेख, यांचे तास बहुधा वेगळ्या वेतनसंकेताखाली नोंदलेले असतात आणि पहिल्या अहवालात दिसत नाहीत. मालक एकच असल्याने ते सगळे मोजावे लागतात.

पूर्णवेळ शिक्षकांच्या बाबतीत ही आकडेमोड करू नये. शिक्षक वर्गाबाहेर, घरी बसूनही काम करतात हे नियमांनी मान्य केले आहे, आणि त्याने १२५० तास काम केलेले नाही हे स्पष्टपणे सिद्ध करण्याचा भार डिस्ट्रिक्टवर टाकला आहे.

कॅलेंडर समोर ठेवून मोजणी

रजेचे आठवडे मोजण्यासाठी भिंतीवरचे साधे कॅलेंडर उपयोगाचे नाही. शिक्षण मंडळाने मंजूर केलेले शालेय कॅलेंडर घ्यावे आणि त्यावर पेन्सिलने मोजावे; मी अजूनही तसेच मोजते, कारण सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्यांचा तक्ता कोणी अद्ययावत केला आहे की नाही याची खात्री नसते.

नियम असा आहे: पूर्ण आठवड्याच्या रजेत एखादी सुट्टी आली तरी तो आठवडा पूर्णच मोजला जातो, परंतु शाळा पूर्ण आठवडा किंवा अधिक काळ बंद असेल आणि त्या काळात कर्मचाऱ्याने कामावर येणे अपेक्षितच नसेल, तर ते आठवडे मोजले जात नाहीत. समजा, एका शिक्षिकेची प्रसूती ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, सोमवारी झाली आणि तिने पूर्ण १२ आठवडे मागितले. ११ नोव्हेंबरची व्हेटरन्स डेची सुट्टी आली तरी तो आठवडा धरला जाईल. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आठवड्यात सोमवार-मंगळवार शाळा असेल तर तोही धरला जाईल. १९ डिसेंबरपर्यंत सात आठवडे होतात. त्यानंतर हिवाळी सुट्टीचे दोन आठवडे मोजणीतून पूर्ण वगळायचे आणि ५ जानेवारीला आठवा आठवडा सुरू करायचा. १९ जानेवारीची मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी पुन्हा आठवड्यात सामावते, आणि बारावा आठवडा ६ फेब्रुवारीला संपतो. ती ९ फेब्रुवारीला कामावर येईल. साध्या कॅलेंडरवर सरळ मोजणाऱ्याने तिला २६ जानेवारीला बोलावले असते आणि तिच्या हक्काचे दोन आठवडे नकळत गिळले असते. थँक्सगिव्हिंगचा अख्खा आठवडा शाळा बंद ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये परतण्याची तारीख आणखी एका आठवड्याने पुढे जाते. एकेका दिवसाने किंवा तासाने घेतलेल्या रजेला मात्र हा आठवड्याचा हिशेब लागू नाही. तिथे सुट्टीच्या दिवशी काम अपेक्षित नसेल तर ती सुट्टी मोजायची नाही.

उन्हाळी सुट्टीचेही तेच. मेमध्ये रजेवर गेलेल्या शिक्षकाचे शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंत पाच आठवडे झाले असतील, तर उरलेले सात ऑगस्टमध्ये त्याच्या खात्यावर शिल्लक असतात, आणि एरवी उन्हाळ्यात जो विमा मिळाला असता तो तसाच चालू राहतो. बारा महिने काम करणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याचा उन्हाळा मात्र मोजला जातो. एकाच दिवशी रजेवर गेलेल्या दोघांच्या परतण्याच्या तारखा दोन महिन्यांनी वेगळ्या निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

'बारा महिने' कोणते, हेही धोरणात लिहून ठेवावे. रजेच्या प्रत्येक दिवसापासून मागचे बारा महिने मोजणारी सरकती पद्धत सहसा सोयीची पडते. १ जुलै ते ३० जून असे ठरीव वर्ष धरले तर कर्मचारी वसंतात १२ आठवडे आणि शरदात आणखी १२ आठवडे कायदेशीरपणे घेऊ शकतो. डिस्ट्रिक्टने कोणतीच पद्धत ठरवलेली नसेल तर कर्मचाऱ्याला सर्वांत फायद्याची ठरणारी पद्धत लागू होते.

सत्राचा शेवट

शाळांसाठी कायद्यात असे काही नियम आहेत जे इतर कोणत्याही मालकाला लागू नाहीत. ते प्रत्यक्ष शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरते आहेत: शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक, वाहन चालवायला शिकवणारे, बधिर विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेचे काम करणारे विशेष शिक्षण सहायक. ज्यांचे मुख्य काम शिकवणे नाही असे वर्गातील सहायक, समुपदेशक, बसचालक आणि कॅफेटेरियाचे कर्मचारी त्यांत येत नाहीत.

सत्र संपण्यास पाच आठवड्यांहून अधिक काळ असताना रजा सुरू झाली, ती किमान तीन आठवड्यांची असली आणि शिक्षक शेवटच्या तीन आठवड्यांत परतणार असला, तर त्याला सत्र संपेपर्यंत रजेवरच राहण्यास डिस्ट्रिक्ट सांगू शकते. शेवटच्या पाच आठवड्यांत सुरू होणारी दोन आठवड्यांहून मोठी रजा शेवटच्या दोन आठवड्यांत संपत असेल, किंवा शेवटच्या तीन आठवड्यांत सुरू होणारी रजा पाच कामकाजी दिवसांहून मोठी असेल, तरीही हा अधिकार आहे. मात्र या नंतरच्या दोन नियमांत स्वतःच्या आजारपणाची रजा येत नाही. वर्षात अशी दोनच सत्रे धरता येतात, शाळा तीन सत्रांची असली तरी.

उदाहरणार्थ, सत्र १९ डिसेंबरला संपते, शिक्षक २० ऑक्टोबरला रजेवर गेला आणि ८ डिसेंबरला परतू पाहतो. डिस्ट्रिक्ट त्याला थांबवू शकते. परंतु ८ ते १९ डिसेंबरचे ते दोन आठवडे त्याच्या बारामधून कापता येत नाहीत, आणि त्या काळातही विमा व नोकरी दोन्ही राखावी लागतात. माझ्या मते हा अधिकार असला तरी तो क्वचितच वापरावा. बदली शिक्षक वर्गात स्थिर झाला असेल, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतील, तर त्याला अर्थ आहे; केवळ पेरोलची नोंद सोपी होते म्हणून पगाराला मुकलेल्या माणसाला आणखी दोन आठवडे घरी बसवणे बरे नव्हे.

तुटक रजा

आठवड्यातून काही दिवस किंवा काही तास घेतली जाणारी रजा सर्वांत त्रासदायक असते, कारण वर्गात रोज वेगळा माणूस उभा राहतो. शिकवणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी ठरलेल्या उपचारांसाठी त्या कालावधीतील कामकाजी दिवसांपैकी २० टक्क्यांहून अधिक दिवस रजा लागणार असेल, तर डिस्ट्रिक्ट त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवू शकते: त्या उपचारांच्या कालावधीपुरती सलग रजा घ्यावी, किंवा तेवढ्याच पगाराच्या आणि लाभांच्या दुसऱ्या जागी तात्पुरते जावे. सोमवार आणि गुरुवार डायलिसिस असेल तर पाचांपैकी दोन दिवस, म्हणजे ४० टक्के. नियम लागू होतो. दर आठवड्याला फक्त बुधवार असेल तर बरोबर २० टक्के, आणि 'हून अधिक' या शब्दांमुळे नियम लागू होत नाही. अचानक उद्भवणाऱ्या मायग्रेनला तर हा नियम मुळीच लावता येत नाही.

प्रमाणपत्र आणि गोपनीयता

वैद्यकीय प्रमाणपत्र मागितल्यावर कर्मचाऱ्याला किमान १५ दिवस द्यावे लागतात. त्यात काही अपुरे असेल तर नेमके काय अपुरे आहे ते लेखी सांगून आणखी ७ दिवस द्यावेत. संशय असेल तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने दुसरे मत घेता येते, आणि दोन्ही मते जुळली नाहीत तर तिसरे, जे अंतिम असते. डॉक्टरांच्या कार्यालयाशी बोलण्याची वेळ आली तर ते मनुष्यबळ कार्यालयाने करावे. कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने तो फोन कधीही करू नये.

हे कागद सेवेच्या फाइलमध्ये घालू नयेत. त्यांची वेगळी, कुलूपबंद फाइल असते, आणि रजेच्या नोंदी किमान तीन वर्षे ठेवाव्या लागतात. प्रिन्सिपलला तारखा आणि कामावरील निर्बंध एवढेच कळवावे. प्रिन्सिपल आपुलकीने विचारतात, 'तिला नेमके काय झाले आहे?' आणि उत्तर न देणे जड जाते. तरीही द्यायचे नाही.

आणखी एक गोष्ट प्रिन्सिपलना वारंवार सांगावी लागते. रजेवरील शिक्षकाकडून पाठ-नियोजन, गुण भरणे किंवा पालकांना ईमेल अशी कामे मागू नयेत. 'पासवर्ड कुठे आहे' असा एखादा प्रश्न चालतो, पण काम मागणे हा हक्कात हस्तक्षेप ठरू शकतो. रजा आधी माहीत असेल तर बदली शिक्षकासाठीची सामग्री रजा सुरू होण्यापूर्वी तयार करून घ्यावी.

पगाराची वजावट

दहा महिन्यांच्या कर्मचाऱ्याचा पगार अनेकदा बारा हप्त्यांत वाटलेला असतो, आणि गोंधळ तिथेच होतो. वार्षिक पगार ५६,१०० डॉलर आणि कराराचे १८७ दिवस असतील तर एका दिवसाचा दर ३०० डॉलर येतो, आणि मासिक हप्ता ४,६७५ डॉलर. वीस बिनपगारी दिवसांची वजावट ६,००० डॉलर होते. 'एक महिना रजा, म्हणून एक हप्ता बंद' असे पेरोलने केले तर १,३२५ डॉलर जास्त दिले जातात आणि जूनमध्ये ते परत मागण्याचे अप्रिय पत्र लिहावे लागते. म्हणून रजा सुरू होतानाच कर्मचाऱ्याला प्रत्येक महिन्याचा अपेक्षित पगार आणि विम्याचा त्याचा हिस्सा लिहून द्यावा. हप्ता ३० दिवसांहून अधिक थकला तरच विमा बंद करता येतो, आणि त्याआधी किमान १५ दिवसांची लेखी सूचना लागते.

पगारी रजा किती आणि कोणत्या क्रमाने वापरायची हे राज्याचा कायदा, मंडळाचे धोरण आणि संघटनेशी झालेला करार ठरवतात, आणि राज्याराज्यांत मोठा फरक आहे. कॅलिफोर्नियात शिक्षकाची आजारपणाची रजा संपल्यावर पाच शालेय महिन्यांपर्यंत त्याच्या पगारातून सब्स्टिट्यूटचा पगार वजा करून उरलेली रक्कम दिली जाते. कर्करोगाशी झुंजणारा शिक्षक आपल्या बदलीचा पगार स्वतःच भरतो, अशी टीका त्यावर झालेली आहे. टेक्सासमध्ये शिक्षकांना तात्पुरत्या अपंगत्वाची रजा मिळते आणि तिची कमाल मर्यादा मंडळाला १८० दिवसांहून खाली आणता येत नाही. आपल्या राज्याची शिक्षण संहिता टेबलावरच ठेवावी.

बारा आठवडे संपल्यावर

तेरावा आठवडा उजाडला म्हणून सेवासमाप्तीचे पत्र आपोआप जाऊ देऊ नये. १९९०च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टखाली आणखी काही काळाची रजा ही वाजवी सोय ठरू शकते, आणि त्यासाठी कर्मचाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक असते. कधी परतणार हे अजिबात न सांगता येणारी बेमुदत रजा द्यावी लागत नाही, पण आणखी पाच आठवडे नाकारायचे असतील तर त्याने नेमकी कोणती अडचण होते हे मांडता आले पाहिजे. २७ जून २०२३पासून लागू झालेल्या प्रेग्नंट वर्कर्स फेअरनेस ॲक्टला तर बारा महिन्यांच्या नोकरीची अट नाही. सप्टेंबरमध्ये रुजू झालेली आणि जानेवारीत प्रसूत होणारी शिक्षिका एफएमएलएला अपात्र असली तरी तिची मागणी या कायद्याखाली तपासावीच लागते. लष्करी सेवेसाठी जाणाऱ्यांना १९९४चा युसेरा कायदा लागू होतो. त्यात आगाऊ सूचना तोंडी दिलेलीही चालते आणि एका मालकाकडील एकूण सेवेची मर्यादा सहसा पाच वर्षांची असते. ज्युरी ड्यूटीसाठी राज्याचे नियम पाहावेत. तिथे फारसे अडत नाही.

परतीची तयारी

परतण्याच्या दोन आठवडे आधी कर्मचाऱ्याला तारीख पक्की करणारे छोटे पत्र पाठवावे. कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र हवे असेल तर ते रजा मंजुरीच्या नोटिशीतच सांगितलेले असावे लागते. ऐन परतीच्या दिवशी ते मागून माणसाला दारातून परत पाठवता येत नाही. जागा तीच किंवा समकक्ष असावी लागते. समकक्ष म्हणजे काय हे शाळांच्या बाबतीत मंडळाचे लेखी धोरण आणि करार यांवरून ठरते, आणि ते धोरण कर्मचाऱ्याला रजेवर जाण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. तिसरीच्या वर्गातून गेलेल्या शिक्षिकेला दुसऱ्या इमारतीत पाचवीचा वर्ग देता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्या धोरणात सापडले नाही, तर ती जागा देण्याचे धाडस करू नये.

शेवटी काही साध्या गोष्टी तपासाव्यात: दाराचे कार्ड पुन्हा चालू झाले का, ईमेल उघडते का, हजेरीच्या प्रणालीत वर्ग तिच्या नावावर परत आला का, आणि सब्स्टिट्यूटचे काम आदल्या दिवशी बंद केले का. एकदा हे शेवटचे माझ्याकडून राहिले, आणि सोमवारी सकाळी पावणेआठला एकाच वर्गाच्या दारात दोन शिक्षिका आपापली कॉफी घेऊन उभ्या होत्या.